/टीएमपी रॅममध्ये आहे, मग स्वॅप का भरतो?

कागदकाम (गिरगाव) | सोमवार, रात्री ९:५०

नमस्कार मंडळी. गिरगावातल्या एका वाचनालयाकडे जुन्या दिवाळी अंकांचे गठ्ठे आहेत. आम्ही काही जण ते स्कॅन करून ठेवतोय. कागद इतका ठिसूळ झालाय की पान उलटताना कोपरा हातात येतो, म्हणजे एकदा स्कॅन झालेलं पान पुन्हा काचेवर ठेवायची सोय नाही. स्कॅन रंगीत, ६०० डीपीआयला. त्यानंतर इमेजमॅजिक या चित्रांवर काम करणाऱ्या प्रोग्रामने पान सरळ करायचं, डाग काढायचे आणि टेसरॅक्टने मराठी ओसीआर, म्हणजे चित्रातली अक्षरं ओळखून मजकूर करायचा. मशीन साधंच आहे: १६ जीबी रॅम, एसएसडीवर ८ जीबी स्वॅप (रॅम कमी पडली की तिच्यातला मजकूर ठेवायची डिस्कवरची जागा), आणि डिस्कवर ४०० जीबीच्या वर जागा मोकळी.

मशीनवर नव्याने डेबियन १३ (लिनक्सचाच एक प्रकार) टाकलं आहे. चार कामं एकदम लावली की दोनपैकी एक गोष्ट होते. कधी "नो स्पेस लेफ्ट ऑन डिव्हाइस" असा संदेश देऊन काम मध्येच थांबतं. कधी संदेश वगैरे काही येत नाही, पण मशीन इतकं जड होतं की माउसचा बाणसुद्धा हलत नाही.

डीएफ (कुठे किती जागा वापरली ते सांगणारी कमांड) लावल्यावर दिसलं की /टीएमपी, म्हणजे प्रोग्रामांच्या तात्पुरत्या फाइलींचं फोल्डर, ही वेगळी फाइल सिस्टम आहे. प्रकार टीएमपीएफएस, आकार ७.८ जीबी. ती रॅममध्ये असते असं वाचलं. ठीक आहे, पण रॅममध्ये असेल तर स्वॅप का भरतो? आणि दुसरं, मेमरीचा हिशेब देणाऱ्या फ्री कमांडमध्ये बफ/कॅशचा आकडा मोठा दिसतो म्हणून ड्रॉप कॅशेस (कॅश रिकामी करायची सूचना) करून पाहिलं, तर तो जेमतेम हलला. कॅश म्हणायची आणि सुटत नाही, हे कसं?

लोकलवाला | सोमवार, रात्री १०:०५

लॅमिंग्टन रोडला जा, १६ची आणखी एक स्टिक घ्या, लावा. विषय संपला.

विक्रोळी_सिसॅडमिन | सोमवार, रात्री १०:४०

रॅम घेऊन हा विषय संपणार नाही. टीएमपीएफएसला आकार सांगितला नाही तर मर्यादा आपोआप रॅमच्या निम्मी धरली जाते. आज १६ची निम्मी साधारण ८. उद्या ३२ केली की मर्यादा १६ होईल, कागदकाम आठ कामं लावतील आणि याच ठिकाणी परत येतील. आधी आत काय चालतं ते बघू या.

लिनक्समध्ये कुठलीही फाइल वाचली की तिचा तुकडा रॅममध्ये पेज कॅशमध्ये येतो. पेज म्हणजे आपल्या नेहमीच्या इंटेल-एएमडी मशीनवर ४०९६ बाइट. समजा फाइल ईएक्सटी४वर, म्हणजे डिस्कवरच्या नेहमीच्या फाइल सिस्टमवर आहे. रॅमची चणचण भासली की कर्नल (लिनक्सचा गाभा) तिची पेजेस बेलाशक टाकून देतं, कारण मूळ मजकूर डिस्कवर आहेच. पेज बदललेलं असेल तर आधी डिस्कवर लिहायचं, मग टाकायचं. म्हणजे प्रत्येक पेजला परत जायला स्वतःचं घर आहे.

टीएमपीएफएसच्या पेजला घर नाही. तीही पेज कॅशमध्येच असतात, म्हणून मोजदाद बफ/कॅशमध्ये होते. पण त्यांच्यामागे डिस्कवर काहीच नाही. ती टाकून दिली तर तुमची फाइल गेली. त्यामुळे ड्रॉप कॅशेस त्यांना हात लावत नाही, आणि लावू नयेच. जागा करायची तर कर्नलकडे एकच रस्ता उरतो, तो म्हणजे स्वॅप. प्रोग्रामने मागून घेतलेल्या मेमरीला जो न्याय, तोच या फाइलींना. कर्नल त्यांना सामान्य फाइलींच्या यादीत ठेवतच नाही, अनामिक मेमरीच्या, म्हणजे मागे डिस्कवर फाइल नसलेल्या मेमरीच्या यादीत ठेवतं.

स्वॅपमध्ये जाताना काय होतं तेही सांगतो, कारण पुढचे सगळे आकडे त्यावर उभे आहेत. प्रत्येक फाइलच्या मागे कर्नलमध्ये एक सूची असते: फाइलचं अमुक क्रमांकाचं पेज रॅममध्ये तमुक ठिकाणी. टीएमपीएफएसचं पेज स्वॅपवर लिहिलं गेलं की सूचीतल्या त्याच खणात पेजऐवजी स्वॅपमधला पत्ता लिहून ठेवतात. कोणी फाइलचा तो भाग वाचायला गेलं की खणात पत्ता सापडतो, पेज स्वॅपमधून परत आणलं जातं आणि वाचणाऱ्याला काही कळतही नाही, थोडा वेळ लागला इतकंच. फाइल पुसली की रॅममधलं पेज आणि स्वॅपमधला खण, दोन्ही मोकळे होतात.

तेव्हा "रॅममध्ये असते" हे वर्णन अपुरं आहे. टीएमपीएफएस व्हर्च्युअल मेमरीत असते. रॅम आणि स्वॅप मिळून तिची जागा.

फ्री, डीएफ आणि /प्रॉक/मेमइन्फो (कर्नल मेमरीचा तपशील देतं ती फाइल), तिन्हींचे आकडे इथे टाका. मशीन जड झालेलं असतानाचे हवेत.

मुलुंडची_मेघा | मंगळवार, सकाळी ७:२०

दादा, एक शंका. मग रॅमडिस्क आणि टीएमपीएफएस एकच की वेगळे? आमच्याकडे सगळे दोन्ही शब्द एकाच अर्थाने वापरतात.

विक्रोळी_सिसॅडमिन | मंगळवार, सकाळी ८:१५

वेगळे. रॅमडिस्क हे डिस्कचं सोंग घेतलेलं उपकरण असतं. त्याचा आकार ठरलेला, त्यावर ईएक्सटी४सारखी फाइल सिस्टम बनवावी लागते, आणि फाइल वाचताना एक प्रत रॅमडिस्कमध्ये, दुसरी पेज कॅशमध्ये, अशी दुप्पट मेमरी जाऊ शकते. टीएमपीएफएसमध्ये पेज कॅश हेच साठवणीचं ठिकाण आहे, दुसरी प्रत नाही.

तिसरा भाऊ रॅमएफएस. त्याला आकाराची मर्यादा नाही आणि त्याची पेजेस स्वॅपमध्ये जात नाहीत. लिहीत राहाल तर सगळी रॅम खाऊन मशीन बसवेल. म्हणून तिथे लिहायचा अधिकार फक्त रूटला (मशीनच्या मुख्य वापरकर्त्याला) द्यायचा असतो.

कागदकाम (गिरगाव) | मंगळवार, रात्री ८:३०

आकडे आणले. चार कामं चालू, मशीन पार जड झालेलं.

डीएफ: /टीएमपी आकार ७.८ जीबी, वापर ७.६ जीबी.
मेमइन्फोमध्ये शमेम: ४.९ जीबी.
फ्री: शेअर्ड ४.९, बफ/कॅश ५.३, अव्हेलेबल ०.५.
स्वॅप: ८ पैकी ५.१ वापरात.

डीएफ म्हणतं ७.६ आणि मेमइन्फो म्हणतं ४.९. यातलं खरं कोणतं?

विक्रोळी_सिसॅडमिन | मंगळवार, रात्री ९:१०

दोन्ही खरे, आणि तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर त्या दोघांतल्या फरकातच आहे.

डीएफ त्या फाइल सिस्टमने एकूण किती पेजेस वाटली ते सांगतं. पेज रॅममध्ये आहे की स्वॅपमध्ये, याच्याशी त्याला घेणंदेणं नाही. शमेम फक्त आत्ता रॅममध्ये असलेली पेजेस मोजतं. ७.६ उणे ४.९ म्हणजे २.७ जीबी. तुमच्या तात्पुरत्या फाइलींपैकी निदान इतका भाग स्वॅपमध्ये जाऊन बसलाय. निदान म्हणतोय कारण शमेममध्ये /डेव्ह/एसएचएम (प्रोग्रामांनी आपसांत मेमरी वाटून घ्यायची जागा) आणि ब्राउझर वगैरेंची शेअर्ड मेमरीही धरलेली असते, म्हणजे /टीएमपीचा रॅममधला वाटा ४.९पेक्षा थोडा कमीच असणार. स्वॅपचे उरलेले साधारण २.४ जीबी म्हणजे तुमच्या प्रोग्रामांची मेमरी, जी या फाइलींनी बाहेर ढकलली.

बफ/कॅशचे ५.३ बघा. त्यातले ४.९ तर शेअर्ड. म्हणजे खरी सोडता येण्याजोगी कॅश अर्धा जीबीच्या आसपास. अव्हेलेबलचा आकडा तेच सांगतोय. फ्रीमध्ये नजर नेहमी शेअर्ड आणि अव्हेलेबलवर ठेवा. एकट्या बफ/कॅशवरून काही ठरवू नका.

तुमची दोन लक्षणं दोन वेगळ्या मर्यादांमुळे आहेत. ७.८ जीबीची फाइल सिस्टमची मर्यादा आधी गाठली तर "जागा नाही" असा संदेश येतो. खरी मेमरी आधी संपली तर संदेश येत नाही, नुसती स्वॅपमधून ये-जा सुरू होते आणि मशीन जड होतं. ७.८ ही मर्यादा म्हणजे राखून ठेवलेली मेमरी नव्हे. ओव्हरड्राफ्टची मर्यादा म्हणजे खात्यातले पैसे नव्हेत, तसंच. रिकाम्या टीएमपीएफएसला जवळजवळ काहीच मेमरी लागत नाही, लिहाल तशी ती वाढते. पाच जागी पाच टीएमपीएफएस लावल्या तर प्रत्येकीला निम्मी रॅम "मंजूर" असू शकते. बेरीज रॅमच्या अडीचपट झाली तरी माउंट करताना कोणी अडवत नाही.

फोर्टचे_काका | मंगळवार, रात्री १०:२५

हा विषय निघाला म्हणून लिहितो. आमच्या कार्यालयात सनची मशीनं होती आणि सोलारिस चालायचं. तिथे /टीएमपी पहिल्यापासून टीएमपीएफएसवरच. सनमध्ये पीटर स्नायडर यांनी या फाइल सिस्टमचं वर्णन १९९०च्या सुमारास लिहून ठेवलं आहे. लिनक्समध्ये ती २.४ कर्नलबरोबर आली, म्हणजे २००१.

सोलारिसमधली एक गोष्ट मला फार आवडायची. तिथे डीएफ लावलं की /टीएमपीच्या ओळीत फाइल सिस्टमचं नावच "स्वॅप" असं छापून यायचं. नव्या मुलाला दोन वाक्यांत समजायचं की इथे फाइल टाकणं म्हणजे सगळ्यांच्या मेमरीत हात घालणं. आणि तिथे मर्यादा सांगितली नाही तर टीएमपीएफएस सगळा स्वॅप खाऊ शकायची. एखाद्याने /टीएमपीत मोठी फाइल टाकली की भलत्याच माणसाचा प्रोग्राम "मेमरी नाही" म्हणून पडायचा. म्हणून माउंट करतानाच आकार लिहून ठेवायची आम्हाला सवय लागली. लिनक्समधली निम्म्या रॅमची मर्यादा त्या मानाने बरी, पण एकाच माणसाच्या मशीनवर एकाच वेळी मोठमोठी चित्रं उघडली जाणार असतील तर निम्मी हीसुद्धा फार आहे, असं माझं स्पष्ट मत.

डोंबिवली_डेव्ह | बुधवार, सकाळी ९:०५

स्वॅपच काढून टाका ना. स्वॅपॉफ करा, ये-जा बंद, मशीन जड होणं बंद. एसएसडीची झीज पण वाचते.

विक्रोळी_सिसॅडमिन | बुधवार, सकाळी ९:५०

हा सल्ला मला सर्वांत धोक्याचा वाटतो, म्हणून सविस्तर लिहितो.

स्वॅप काढला की टीएमपीएफएसच्या पेजेसना बाहेर जायचा एकमेव रस्ता बंद. तीन दिवस कोणी हात न लावलेली तात्पुरती फाइलसुद्धा रॅममध्ये ठाण मांडून बसणार. मग जागा करायला कर्नलने काय टाकायचं? घर असलेली पेजेस. म्हणजे सामान्य फाइलींची कॅश, आणि त्यात चालू प्रोग्रामांचा स्वतःचा कोडही आला, कारण तोही डिस्कवरच्या फाइलीतूनच आलेला असतो. मग इमेजमॅजिकचा कोड टाकायचा, पुढच्याच क्षणी तो लागतो म्हणून डिस्कवरून परत वाचायचा, की परत टाकायचा. स्वॅप शून्य दिसतो आणि तरी डिस्कचा दिवा सतत लुकलुकतो. मशीन जड होणं थांबत नाही, त्याचं कारण दिसेनासं होतं.

याच्या पुढे ओओएम किलर, म्हणजे मेमरी संपली की कर्नलचा जो भाग धावून येतो तो. तो प्रोग्राम मारतो, पण टीएमपीएफएसमधली फाइल कोणत्याही प्रोग्रामच्या मालकीची नसते. प्रोग्राम मेला तरी फाइल जागेवरच, तिची मेमरी सुटत नाही. मग तो दुसरा बळी शोधतो. कर्नलच्या स्वतःच्या दस्तऐवजात लिहिलं आहे की टीएमपीएफएसला अवाच्या सवा आकार दिला तर मशीन अडकून पडेल, कारण ओओएम किलरला ती मेमरी मोकळी करता येत नाही. मर्यादेच्या जागी शून्य लिहिलं तर अर्थ "मर्यादा नाही" असा होतो, तेही लक्षात असू द्या.

स्वॅपिनेसचं, म्हणजे स्वॅप किती सढळ वापरायचा ते ठरवणारं बटण फिरवतानाही हेच ध्यानात ठेवायचं. त्याची मूळ किंमत ६०. ती खाली आणली की कर्नल अनामिक यादीला कमी हात लावतं, म्हणजेच टीएमपीएफएसच्या फाइली रॅममध्ये राखतं आणि खऱ्या फाइलींची कॅश आधी टाकतं. स्कॅन केलेल्या टिफ फाइली डिस्कवर आहेत आणि त्या पुन्हा पुन्हा वाचायच्या आहेत. कागदकामांना नेमकं उलट हवंय.

मुलुंडची_मेघा | बुधवार, दुपारी १:३०

पण ७.६ जीबी तात्पुरत्या फाइली येतातच कुठून? टेसरॅक्ट तर इतकं काही लिहीत नाही. कागदकाम, /टीएमपीमध्ये एलएस (फाइलींची यादी) लावून बघितलंत का?

कागदकाम (गिरगाव) | बुधवार, रात्री ९:१५

बघितलं ताई. "मॅजिक" अशा नावाने सुरू होणाऱ्या आणि पुढे अक्षरांची खिचडी असलेल्या फाइली. प्रत्येक २८० एमबीच्या घरात. एका पानाच्या कामात तशा पाच-सहा दिसतात, काम संपलं की जातात.

मुलुंडची_मेघा | बुधवार, रात्री ९:५५

मग सापडलं. ही इमेजमॅजिकची पिक्सेल कॅश आहे, म्हणजे काम चालू असताना चित्राचे कच्चे पिक्सेल ठेवायची जागा. हिशेब करून बघा. ए४ पान ६०० डीपीआयला म्हणजे ४९६० गुणिले ७०१६, साधारण ३.४८ कोटी पिक्सेल. सोळा बिटांचे चार चॅनेल धरले तर पिक्सेलला ८ बाइट. गुणाकार २७.८ कोटी बाइट. तुमचा २८०चा आकडा आला की नाही? पान सरळ केलं की नवी प्रत, डाग काढले की आणखी एक प्रत. एका कामाच्या सहा प्रती धरल्या तर चार कामांच्या चोवीस, म्हणजे पावणेसात जीबीच्या आसपास.

आता गंमत नव्हे, अडचण बघा. इमेजमॅजिकच्या धोरण-फाइलीत मेमरी, मॅप आणि डिस्क अशा तीन मर्यादा असतात. चित्र मेमरीच्या मर्यादेत बसलं नाही की ते स्वतःहून ठरवतं की रॅमवर ताण नको, डिस्कवरच्या तात्पुरत्या फाइलीत ठेवू. आणि ती फाइल उघडतं कुठे? /टीएमपीमध्ये. म्हणजे रॅम वाचवण्यासाठी उचललेलं ओझं परत रॅममध्येच येऊन पडतं. प्रोग्रामचा समज असा की आपण सभ्यपणे डिस्क वापरतोय. कर्नलला वाटतं कोणीतरी टीएमपीएफएस भरतंय. दोघंही आपापल्या जागी बरोबर आहेत.

हे एकट्या इमेजमॅजिकचं नाही. सॉर्ट कमांडला मोठी फाइल दिली की तीही मेमरीत न मावणारे तुकडे /टीएमपीत ठेवते. "रॅममध्ये मावत नाही म्हणून" लिहिलेली फाइल टीएमपीएफएसवर जाणं हे मुळातच उलटं आहे. रॅममधली /टीएमपी सॉकेट, लॉक फाइली, कंपायलरचे छोटे तुकडे यांच्यासाठी उत्तम. मेमरीतून सांडलेला माल ठेवायला तिची योजना नाही.

विक्रोळी_सिसॅडमिन | बुधवार, रात्री १०:२०

मेघा, अचूक. धाग्यातला सर्वांत कामाचा प्रतिसाद.

तेव्हा उपाय असा. टीएमपीडीआयआर हा एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल (तात्पुरत्या फाइली कुठे ठेवायच्या ते प्रोग्रामला सांगणारा) डिस्कवरच्या फोल्डरकडे वळवा, फक्त या कामाच्या स्क्रिप्टमध्ये. बाकी मशीनची /टीएमपी रॅममध्ये राहू द्या. फोल्डर होम विभागात नवीन करा. /वार/टीएमपी चालेल, पण डेबियन १३च्या नव्या इन्स्टॉलमध्ये /टीएमपीतल्या १० दिवस पडून राहिलेल्या आणि /वार/टीएमपीतल्या ३० दिवस पडून राहिलेल्या फाइली आपोआप साफ होतात. तिथे कोणी चुकून कामाचं काही ठेवलं तर पंचाईत.

आणि टेसरॅक्टसाठी ओएमपी थ्रेड लिमिट १ करा. प्रत्येक टेसरॅक्ट स्वतःच अनेक थ्रेड (एकाच वेळी चालणारे कामाचे धागे) काढतं. चार कामं एकदम चालवताना ते एकमेकांच्या पायांत येतात.

डोंबिवली_डेव्ह | बुधवार, रात्री १०:४५

डिस्कवर नेलं तर वेग पडेल की. प्रत्येक पानामागे दीड जीबी एसएसडीवर लिहायचं, ते पण दिवसभर?

विक्रोळी_सिसॅडमिन | गुरुवार, सकाळी ८:४०

डिस्कवरच्या फाइलीत लिहिलेलं लगेच डिस्कवर जात नाही. तेही आधी पेज कॅशमध्येच पडतं आणि "बदललेलं" अशी खूण होऊन थांबतं. साधारण ३० सेकंद जुनं झालं की, किंवा बदललेल्या पेजेसचा ढीग ठरावीक टक्क्यांवर गेला की मग लिहिणं सुरू. त्याआधीच फाइल पुसली गेली तर ती पेजेस लिहायचं कारणच उरत नाही. ईएक्सटी४ डिस्कवरची जागासुद्धा उशिरापर्यंत ठरवत नाही. पानाचं काम वीस सेकंदांत उरकत असेल तर पिक्सेल कॅशचा बराचसा भाग एसएसडीला शिवणारही नाही.

म्हणजे रॅम मोकळी असेल तेव्हा दोन्ही पद्धती जवळपास सारख्याच वेगाने चालतात. फरक पडतो तो चणचणीच्या वेळी. डिस्कवरच्या फाइलीची पेजेस त्यांच्या घरी लिहिली जातात आणि बाकी मशीन श्वास घेऊ शकतं. ४०० जीबी मोकळं आहेच. टीएमपीएफएसची पेजेस ८ जीबीच्या स्वॅपमध्ये तुमच्या ब्राउझरच्या आणि टेसरॅक्टच्या मेमरीशी जागेसाठी भांडतात.

परळची_नीलांबरी | गुरुवार, सकाळी ११:१५

थोडं वेगळं, पण स्वॅपचा विषय आहे म्हणून. आम्ही लोकांच्या आरोग्याच्या नोंदी हाताळतो. अनेक जण गुप्त किल्ल्या टीएमपीएफएसमध्ये ठेवतात, "डिस्कवर जात नाही" या भरवशावर. वरचं सगळं वाचलं तर कळेल की ती फाइल स्वॅपमध्ये जाऊ शकते, आणि स्वॅप डिस्कवर असतो. मशीन बंद केल्यावरही तो मजकूर तिथे राहतो. स्वॅप एन्क्रिप्ट करा, किंवा कर्नल ६.४ (२०२३) पासून टीएमपीएफएसला "नोस्वॅप" हा पर्याय आहे तो द्या. सिस्टमडी (लिनक्सवर सेवा चालू-बंद करणारी व्यवस्था) तर पासवर्डसारख्या गोष्टी सेवांना देताना स्वॅपमध्ये न जाणारी मेमरी वापरतं, ते याच कारणासाठी. नोस्वॅप लावलंत तर आकार अगदी छोटा ठेवा, कारण ती मेमरी मग कशानेच हलत नाही.

कंटेनर_कांदिवली | गुरुवार, दुपारी ४:००

डॉकरवाल्यांसाठी, म्हणजे प्रोग्राम कंटेनरमध्ये वेगळा कोंडून चालवणाऱ्यांसाठी भर. कंटेनरमध्ये /डेव्ह/एसएचएम ही टीएमपीएफएसच असते आणि डॉकर तिला न सांगता ६४ एमबी देतं. कंटेनरमध्ये क्रोम चालवून पानांचे पीडीएफ काढणाऱ्यांचे टॅब पटापट मरतात ते बहुधा यामुळे. तिथे "जागा नाही" असा नीट संदेशही येत नाही. फाइल मेमरीत मॅप करून लिहिताना टीएमपीएफएस भरली तर प्रोग्रामला सिगबस (कर्नलचा मेमरी-चुकीचा इशारा) मिळतो आणि तो जागीच पडतो. रन करताना शम-साइझ वाढवून द्या.

आणि कंटेनरच्या मेमरी मर्यादेतच हे मोजलं जातं. ज्या सीग्रुपने (कर्नल एकत्र मोजतं त्या प्रोग्रामांच्या गटाने) पेज पहिल्यांदा लिहिलं त्याच्या नावावर ते चढतं. कुबरनेटीसमध्ये (अनेक कंटेनर सांभाळणारी व्यवस्था) एम्प्टीडिर या तात्पुरत्या फोल्डरला मीडियम मेमरी दिलं की तेच. डिस्क समजून लॉग लिहीत राहायचं आणि मेमरी संपून पॉड (कंटेनरांचा गट) मारला गेला की मेमरी लीक शोधत बसायचं, हे फार बघितलंय.

फोर्टचे_काका | गुरुवार, रात्री ९:३०

कागदकामांना एक विनंती. तुम्ही पहिल्याच पोस्टमध्ये लिहिलंत की पान पुन्हा काचेवर ठेवता येणार नाही. मग स्कॅनरमधून येणारी मूळ टिफ सुरुवातीला कुठे उतरते ते तपासा. बरीच स्कॅनिंगची साधनं आधी /टीएमपीत उतरवतात आणि सेव्ह म्हटल्यावर हलवतात. टीएमपीएफएसवर एफसिंक (फाइल डिस्कवर पक्की करायची सूचना) केलं तर उत्तर "झालं" असंच येतं, पण पक्कं असं काहीच होत नाही, करण्यासारखं तिथे काही नसतंच. वीज गेली की फाइल गेली. १२ ऑक्टोबर २०२० रोजी सकाळी दहाच्या सुमारास सगळ्या मुंबईची वीज एकदम गेली होती, ते आठवत असेल. आपल्याकडे वीज सहसा जात नाही म्हणून घरोघरी यूपीएस नसतो, त्यामुळे अशा दिवशी फटका जास्त बसतो. पिक्सेल कॅश गेली तर काम परत लावता येतं. ठिसूळ पानाचं स्कॅन गेलं तर ते पान दुसऱ्यांदा काचेवर टिकेल याची खात्री कोण देणार?

कागदकाम (गिरगाव) | शुक्रवार, रात्री १०:१०

काका, तपासलं. स्कॅनरचं साधन खरंच /टीएमपीत उतरवत होतं. आता थेट डिस्कवरच्या फोल्डरमध्ये उतरतं, आणि दर गठ्ठ्यानंतर बाहेरच्या ड्राइव्हवर प्रत जाते.

स्क्रिप्टमध्ये टीएमपीडीआयआर वळवला, टेसरॅक्टला एकच थ्रेड दिला, आणि /टीएमपी रीमाउंट करून मर्यादा २ जीबी केली. मशीन बंद न करता झालं हे विशेष. चारही कामं चालू असताना शमेम ०.४च्या आसपास, स्वॅप जवळजवळ हलत नाही, आणि ब्राउझरमध्ये टंकनाची दुरुस्तीही करता येतेय. सगळ्यांचे मनापासून आभार.

एक उरलं. डीएफ /टीएमपीत ९०० एमबी वापर दाखवतं, पण डीयूने (फाइलींचे आकार मोजणारी कमांड) मोजलं तर ४० एमबीसुद्धा भरत नाही.

विक्रोळी_सिसॅडमिन | शुक्रवार, रात्री १०:३५

कुठल्या तरी प्रोग्रामने फाइल उघडी धरली आहे आणि तिचं नाव पुसलं गेलंय. डीयूला नाव सापडत नाही, डीएफ पेजेस मोजतं. एलएसओएफ (उघड्या फाइलींची यादी) लावून "डिलीटेड" लिहिलेल्या ओळी बघा, तो प्रोग्राम बंद करा, जागा सुटेल. डिस्कवर हे चालून जातं. टीएमपीएफएसवर ती ९०० एमबी मेमरी आहे, जी कोणाच्याही फाइल यादीत दिसत नाही.

रीमाउंटची मर्यादा रीस्टार्टनंतर जाईल. टीएमपी डॉट माउंट या /टीएमपी जोडणाऱ्या सिस्टमडीच्या फाइलीच्या ओव्हरराइडमध्ये कायमची लिहून ठेवा. त्यात आयनोडची (प्रत्येक फाइलमागच्या नोंदीची) मर्यादाही असते, ती काढू नका. फाइलचा मजकूर स्वॅपमध्ये जातो, पण नाव आणि आयनोड कर्नलच्या मेमरीत असतात, ते कधीच जात नाहीत. लाखो रिकाम्या फाइलींनीसुद्धा रॅम खाता येते.

कागदकाम (गिरगाव) | शुक्रवार, रात्री ११:००

पीडीएफ व्ह्यूअर उघडा होता, बंद केल्यावर आकडा उतरला. शेवटचं विचारतो. वाचनालयाकडे ८ जीबी रॅमचे दोन जुने लॅपटॉप आहेत, तेही कामाला लावायचेत. तिथे स्वॅपऐवजी झेडरॅम लावा असं एक जण म्हणाला. लावू का?

मुलुंडची_मेघा | शनिवार, सकाळी ७:४५

झेडरॅम म्हणजे रॅममध्येच दाबून ठेवलेला स्वॅप. टीएमपीएफएसचं पेज तिथे गेलं की ते रॅम सोडत नाही, फक्त आकसतं. किती आकसेल ते आत काय आहे त्यावर. मजकूर, प्रोग्रामांची मेमरी, रिकामी पेजेस छान दाबली जातात. जेपीईजी किंवा पीएनजी आधीच दाबलेली असतात, त्यांचं काही होत नाही, उलट दाबायचा प्रयत्न करण्यात प्रोसेसरचा वेळ जातो. तुमची पिक्सेल कॅश कच्ची असते, पण पिवळा कागद, पोत, डाग, स्कॅनरचा गोंगाट यामुळे शेजारशेजारचे पिक्सेलसुद्धा थोडेथोडे वेगळे असतात, त्यामुळे कोऱ्या पांढऱ्या पानासारखी ती आकसणार नाही.

ब्राउझर आणि बाकी मेमरीसाठी झेडरॅम जरूर लावा, डिस्कवरचा थोडा स्वॅपही कमी प्राधान्याने ठेवा. /टीएमपी १ जीबी, टीएमपीडीआयआर डिस्कवर, आणि एका लॅपटॉपवर दोनच कामं. झेडरॅमवर किती भिस्त ठेवायची ते ठरवायच्या आधी एका पानाची कच्ची फाइल एलझेड४ने (दाबायची एक पद्धत) दाबून बघा आणि आकडा इथे टाका.